हाड की लाकूड? दगड झालेल्या तुकड्यांबद्दल नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

कुणी विहीर खणताना, कुणी शेततळं काढताना, कुणी गोदेच्या पात्रात फिरताना एखादा तुकडा उचलतं. मग फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते: "सर, हे हाड आहे का लाकूड?" असे पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दोन्ही शेवटी दगडच झालेत ना? मग फरक राहतोच कशात?

फरक राहतो तो रचनेत. झाड गाळात किंवा राखेत गाडलं गेलं की जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटीचं द्रव्य, त्याच्या पेशींमध्ये शिरते आणि तिथेच घट्ट होते. लाकडाचं द्रव्य जवळजवळ सगळं जातं, पण पेशींचा नकाशा जसाच्या तसा राहतो. हाडाचं वेगळं असतं. हाड जिवंतपणीच अर्धंअधिक खनिज असतं, कॅल्शियम फॉस्फेटचं. ते खनिज बऱ्याचदा टिकून राहतं आणि मधल्या पोकळ्यांत कॅल्साइट (चुन्याचं खनिज), लोह किंवा सिलिका भरते. म्हणून रंग, वजन आणि बाहेरचा आकार यांवर फार भरवसा ठेवू नका. झाड झाडासारखं वाढलेलं असतं आणि हाड हाडासारखं. ती वाढ तुटलेल्या कडेवर वाचता येते.

२. घरच्या घरी पहिली पाहणी कशी करायची?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. स्टेशनरीच्या दुकानातलं मोठं वाचायचं भिंग पुरत नाही, घड्याळजी डोळ्याला लावतो तसं छोटं हवं. तुकडा पाण्यात बुडवून काढा. ओल्या पृष्ठभागावर रचना उठून दिसते. (तुकडा भुसभुशीत असेल तर आधी प्रश्न १२ वाचा.) सकाळच्या उन्हात बसा आणि बाहेरची बाजू सोडून आधी तुटलेलं टोक बघा.

हाड असेल तर टोकावर दोन थर दिसतात. बाहेर घट्ट, दाट कवच आणि आत स्पंजासारखी जाळी, जुन्या पावासारखी. कवचातली भोकं सुईच्या टोकाहून बारीक असतात, रक्तवाहिन्या जायच्या त्या नळ्या. आत जावं तशा पोकळ्या मोठ्या आणि वेड्यावाकड्या होतात. लांब हाडात मधोमध मज्जेची पोकळी असते, ती गाळाने किंवा स्फटिकांनी भरलेली असू शकते.

लाकडात असं कवच आणि गाभा नसतो. साल सोडली तर बाहेरून आतपर्यंत पोत साधारण तोच राहतो. नळ्या सरळ, एकमेकींना समांतर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. आडव्या छेदात मध्यापासून बाहेर निघणाऱ्या बारीक किरणरेषा दिसतात, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. हाडात असे आरे सापडत नाहीत. माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे, वाढीच्या वर्तुळांपेक्षाही (ते का, ते प्रश्न ७ मध्ये).

मग उभी बाजू बघा. लाकूड रेषेत फुटतं, सरपण फोडल्यासारखं. कुठे गाठ असेल तर रेषा तिला वळसा घालून जातात. हाडाच्या टोकाला मात्र सांध्याचा गुळगुळीत, मुद्दाम घडवल्यासारखा वळणदार भाग असतो. सांधा दिसला तर पुढचं काही तपासायची गरज उरत नाही.

३. नाशिकमध्ये हे खरंच सापडतं का? आपला सगळा काळा कातळ आहे.

कातळ म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. वितळलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. त्यामुळे अखंड काळ्या दगडात काही हाडासारखं दिसलं तर ते हाड नसण्याचीच शक्यता फार मोठी (प्रश्न ५).

पण लाव्हा एका दमात वाहिला नाही. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडं वाढली, आणि पुढचा प्रवाह त्यावर आला. या मधल्या थरांत दगड झालेलं लाकूड मिळतं. मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळचं मोहगाव कलां आणि दिंडोरी जिल्ह्यातलं घुघवा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मुंबईत वरळीला अशाच थरात इंडोबॅट्रॅकस या छोट्या बेडकाचे सांगाडे सापडले. नाशिकच्या बाजूला हे थर विरळ आहेत.

आपल्याकडची खरी जागा म्हणजे गोदावरीचा जुना गाळ. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला, जिथे कादवा गोदावरीला मिळते, त्या परिसरातल्या गाळातून मिळालेल्या प्रचंड हत्तीच्या अवशेषांवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिलं. हा आजचा हत्ती नव्हे. पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस नावाची नामशेष जात आहे ती, नाव नर्मदेवरून पडलेलं. आजवरच्या सर्वात मोठ्या हत्तींमध्ये तिची गणना होते. आणि अगदी शहरालगत, गंगापूरजवळ, डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांना याच नदीच्या जुन्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. पक्षी बघायला नांदूरमध्यमेश्वरला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं, याची मला खंत वाटते.

थोडक्यात, नदीकाठच्या पिवळट गाळाच्या दरडीत हाडाची शक्यता जास्त. सापडलेली जागा सांगितली नाही तर निम्मं उत्तर हरवतं.

हीच गोदावरी खाली गडचिरोलीच्या टोकाला पोचते, तिथे खडकच बदलतात. सिरोंचा तालुक्यात वडधमजवळ दगड झालेले वृक्ष आणि डायनासोरची हाडं एकाच परिसरात मिळतात. नदीपलीकडे तेलंगणात, त्याच पट्ट्यातल्या खडकांत मिळालेला बारापासॉरस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा केलेला आहे. हाड की लाकूड हा प्रश्न खऱ्या अर्थाने चुरशीचा होतो तो तिकडे.

४. विहिरीच्या मातीत पांढऱ्या, बोटाएवढ्या, हाडासारख्या नळ्या निघाल्या. आत भोकही आहे!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर बहुतेक वेळा चुनखडी. गाळाच्या जमिनीत पाणी सुकताना चुना साठतो. तो झाडाच्या मुळाभोवती साठला, नंतर मूळ कुजून गेलं, की मागे पोकळ पांढरी नळी राहते. वर फाटे फुटलेले, मध्ये भोक, लांबी बोटाएवढी, बरगडीच वाटते.

निफाडकडचे एक दादा अशा नळ्या रुमालात बांधून घेऊन आले होते. पायरीवर बसून आम्ही एक मोडली. आत दाट कवचही नव्हतं, जाळीही नव्हती, नुसता खडूसारखा पांढरा चुरा आणि त्यात वाळूचे कण चिकटलेले. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला तर सोडा उघडल्यासारखा फसफसला. फाटे फुटताना नळी बारीक होत जाते, मुळासारखी. हाड असं फांद्या फोडत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा: खऱ्या हाडावरही या गाळात चुनखडीचं पुट चढतं. वरचा थर फसफसला म्हणून आतलंही चुनखडीच असं धरू नका, तुटलेली कड बघाच.

५. खाणीत काळ्या दगडात पांढरे, तंतू-तंतू असलेले तुकडे मिळाले. लाकडाचे तंतू आहेत का?

नाही, ते झिओलाइट आहेत. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत गरम पाण्यातून स्फटिक वाढले. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट यांच्या सुया एका बिंदूतून पंख्यासारख्या पसरतात. लाकडाचे तंतू समांतर धावतात, असे एका ठिकाणाहून फाकत नाहीत. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणी अशा स्फटिकांसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या, म्हणजे डोळा तयार होईल.

लाव्ह्याच्या तळाशी कधीकधी उभ्या नळीसारखे बुडबुडे असतात. ते पांढऱ्या खनिजाने भरले की खडकात रुतलेल्या बोटांच्या हाडांसारखे दिसतात. आणि कातळाचे पाच-सहा बाजूंचे उभे खांब म्हणजे दगड झालेले बुंधे नव्हेत. लाव्हा थंड होताना आकसून तडकला, त्याचे ते आकार.

६. जिभेला लावलं आणि चिकटलं तर हाड, हे खरं का?

अर्धं खरं. हाडातल्या बारीक नळ्या ओल शोषतात म्हणून जीभ चिकटते. पण सुकलेली चिकणमाती आणि काही चुनखडीही तशीच चिकटते, आणि पोकळ्या पूर्ण भरलेलं हाड चिकटतच नाही. शिवाय शेतातली माती, खतं, फवारणी याचा विचार करा. ओलं बोट लावून पाहिलं तरी तेवढंच कळतं. जिभेवर काहीही ठेवू नका.

काचेवर ओरखड्याची चाचणी जास्त उपयोगाची. खनिजांची कठीणता १ ते १० आकड्यांत मोजतात. सिलिकेचं लाकूड गारगोटीइतकं, म्हणजे ७ कठीणतेचं. काचेवर ओरखडा काढतं. हाडाचं खनिज ५ च्या आसपास, साध्या काचेवर सहसा ओरखडत नाही. ओरखडा बोट फिरवून पुसून पाहा, नुसती पूड असेल तर ती पुसली जाते. जुन्या बाटलीवर, टोकाचा नको असलेला कोपरा वापरून करा. अपवाद प्रश्न ९ मध्ये आहे.

वजनही करून बघता येतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा. तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर येईल तो आकडा लिहा. समजा कोरडा तुकडा ३१८ ग्रॅम आणि काट्यावर १२० आले. ३१८ भागिले १२० म्हणजे २.६५. हा गारगोटीचा आकडा. झिओलाइट २.२ ते २.३ च्या आसपास येतात. हाडातलं खनिज स्वतः ३.१ च्या आसपास असतं, पण पोकळ्यांत काय भरलंय त्यानुसार पूर्ण तुकड्याचा आकडा बराच खाली येतो, म्हणून हाडासाठी ही चाचणी निर्णायक नाही.

७. आडव्या छेदात गोल गोल वर्तुळं आहेत. म्हणजे लाकूडच ना?

इथे घाई करू नका. गोदावरीच्या गाळात हत्तीचा सुळाही मिळू शकतो, आणि सुळा थरावर थर चढत वाढतो. तो जुना झाला, सुकला, की एकात एक बसवलेल्या शंकूंसारखा सुटतो. टोकाकडून पाहिलं तर झाडाची वर्तुळं, बाजूने पाहिलं तर सालीचे पापुद्रे. लाकूड समजून फेकलं जाण्याचा धोका सगळ्यात जास्त याच तुकड्याला.

भिंगाखाली मात्र सुळा स्वतःला ओळख देतो. ताज्या किंवा घासलेल्या आडव्या छेदावर दोन दिशांनी वळत जाणाऱ्या रेषा एकमेकींना छेदतात, सुपाच्या विणीसारख्या. अशी वीण कुठल्याच लाकडात नसते. उलट, मध्यापासून निघणारे आरे दिसले तर लाकूड. वीणही नाही आणि आरेही नाहीत असं असेल तर उत्तर थांबवून ठेवा.

दुसरी बाजूही खरी आहे: वर्तुळं नसली म्हणून लाकूड नाही असं होत नाही. वर्तुळं ठळक होतात ती ऋतूंनुसार वाढ थांबली-सुरू झाली तर. उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांत ती अंधुक असतात किंवा नसतातच. तिसरा फसवा गडी म्हणजे अकीक, सिलिकेचाच पट्टेदार दगड. त्याचे पट्टेही गोल असतात, पण पोकळीच्या आकाराप्रमाणे वळतात आणि त्यांत पेशी दिसत नाहीत.

हत्तीच्या दाढेबद्दलही विचारतात. ती एकमेकींना चिकटून उभ्या केलेल्या पातळ पाट्यांच्या गठ्ठ्यासारखी असते. झिजलेल्या बाजूवर इनॅमलचे लांबट, चपटे वेढे ओळीने दिसतात. एकदा पाहिली की विसरत नाही.

८. माझ्या तुकड्यात रेषा नाहीत, नुसते ठिपके आहेत. हाडाची भोकं असतील का?

बहुधा ताडकुळातलं झाड. नारळ, ताड, शिंदी यांच्या खोडात वर्तुळंही नसतात आणि आरेही. पूर्ण खोडभर जाड दोऱ्यांसारख्या नळ्यांचे जुडगे विखुरलेले असतात; आडवं कापलं की ठिपके, उभं कापलं की काड्या. घरात नारळाच्या खोडाचा ओंडका असेल तर त्याचं टोक बघा, तेच चित्र आहे. असं दगड झालेलं ताडाचं लाकूड दख्खनच्या मधल्या थरांत बरंच मिळालं आहे आणि त्याला पामॉक्सिलॉन म्हणतात. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानींनी त्यावर मोठं काम केलं.

हाडाशी फरक असा: ताडाचे ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतके मोठे, प्रत्येक ठिपक्याच्या आत आणखी बारीक छिद्रं. हाडाच्या कवचातली भोकं भिंगाशिवाय जेमतेम दिसतात आणि ती आतल्या जाळीत मिसळत जातात.

९. तुकडा लाल-तपकिरी, चकचकीत, काचेवर ओरखडतो, पण जाळी हाडासारखी आहे. आता?

सिलिका भरलेलं हाड असू शकतं. अमेरिकेत युटाकडच्या डायनासोरच्या हाडांत हे फार सुंदर होतं: हाडाची भिंत गडद राहते आणि प्रत्येक पोकळीत लाल, पिवळा अकीक भरतो. अशा वेळी कठीणतेवर जाऊ नका, जाळी वाचा. पोकळ्या आकाराने कमी-जास्त, भिंती वळणदार, आणि एका कडेला दाट कवच असेल तर हाड. रसायनाने खात्री करायची तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिमूटभर पूड नायट्रिक आम्लात विरघळवून अमोनियम मॉलिब्डेट टाकतात; पिवळा साका आला तर फॉस्फेट आहे. हे घरी करू नका. आणि सिलिकेने फॉस्फेटची जागा घेतली असेल तर साका येणारही नाही.

१०. हाड आहे हे कळलं. पण ते जीवाश्म आहे की गेल्या वर्षीच्या बैलाचं?

नदीत मिळणारी बहुतेक हाडं अलीकडच्या गुराढोरांची असतात. ताजं हाड हलकं, पिवळट-पांढरं, तेलकट. तापवलेली सुई टेकवली तर केस जळल्याचा वास येतो, कारण आत अजून सेंद्रिय द्रव्य आहे. जीवाश्माला तो वास येत नाही. टिचकी मारल्यावर जीवाश्म चिनीमातीच्या बशीसारखा आवाज देतो, ताजं हाड लाकडासारखं बद्द वाजतं. मधल्या वयाची हाडं या दोन्ही चाचण्यांत फसवतात.

रामकुंड आणि त्याच्या खालच्या प्रवाहाबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथे लोक आपल्या माणसांच्या अस्थी विसर्जित करतात. तिथलं कुठलंही हाड उचलू नका, भिंग लावू नका, फोटो पाठवू नका. आणि कुठेही हाड माणसाचं असल्याची शंका आली तर हात न लावता आधी पोलिसांना कळवा.

११. गोल गुळगुळीत दगड आहे, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. डायनासोरचं अंडं?

बेसॉल्टचा गोळा. कातळ कोपऱ्यांकडून कुजत जातो आणि मधला गोळा राहतो. मुरमाच्या कुठल्याही खाणीत असे शेकडो दिसतील. खऱ्या अंड्याचं कवच एक-दोन मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्यावर बारीक दाणे व छिद्रं असतात. ती अंडी मध्य प्रदेशात धारकडे आणि गुजरातेत बालासिनोरकडे मिळतात, लाव्ह्याच्या खालच्या लमेटा थरांत.

१२. साफ कसं करू? व्हिनेगरमध्ये ठेवलं तर?

कृपा करून नको. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका बरगडीच्या तुकड्यावरची चुनखडी काढायला तो रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला. सकाळी चुनखडी गेली होती, पण हाडाचा पृष्ठभागही साय निघावी तसा सुटला होता. त्यावर स्नायू जोडल्याच्या खुणा होत्या, त्या गेल्या. आम्ल हाडाचं खनिजही खातं. प्रश्न ४ मधला थेंब सुटलेल्या चुऱ्यावर टाकायचा, तुकड्यावर नाही.

गाळातून निघालेलं ओलं हाड उन्हात ठेवलं की तडकतं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत, दोन-चार दिवस हळूहळू सुकू द्या. मग बांबूची काडी आणि मऊ ब्रश. लोखंडी टाचणी नको, फेविक्विक नको, वॉर्निश तर नकोच. सिलिकेचं लाकूड मात्र बिनधास्त पाण्याने घासून धुवा.

१३. सापडलेला तुकडा घरी ठेवला तर चालतो का?

जागेवर अवलंबून आहे. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या अशा क्षेत्रातून दगडसुद्धा उचलू नये. दगडी हत्यारं पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. सुळ्यासारखं काही मिळालं तर ते जुनं आहे असं स्वतःच ठरवून विकायला किंवा घडवायला देऊ नका, हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात दरडीतून हाड डोकावत असेल तर ओढून काढण्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

१४. कुणाला दाखवू, आणि फोटो कसा काढू?

गाळातल्या हाडांसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची पुणे आणि नागपूरची कार्यालयं. जवळच्या कॉलेजात भूशास्त्र विभाग असेल तर पहिली फेरी तिथे मारा.

फोटो चार हवेत. पहिला तुकडा उचलण्याआधीचा, आजूबाजूची दरड दिसेल असा, शेजारी फावडं किंवा बाटली ठेवून. दुसरा पूर्ण तुकड्याचा, बाजूला पाच रुपयांचं नाणं. तिसरा तुटलेल्या टोकाचा, ओलं करून, भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्याला टेकवून. चौथा उभ्या बाजूचा. फ्लॅश बंद, ऊन तिरपं. सोबत गावाचं नाव, तुकडा किती फुटांवर मिळाला आणि माती काळी होती, पिवळी होती की मुरूम, एवढं लिहा. दरडीत अजून काही शिल्लक असेल तर त्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवा, म्हणजे कुणी येईपर्यंत ते उन्हाने तडकणार नाही.